वरच्या खोलीतले न्यूट

पिंप्राळा, जळगाव
१२ मे

चि. सौ. वृषाली हिस,

आबाचे आशीर्वाद. छगननानांना आणि तुझ्या आईला माझा दंडवत प्रणाम सांग.

आखाजीला चार दिवस माहेरी म्हणून तू धुळ्याला गेलीस, आणि नंतर तुझे नाना आले ते तुझे कपडे आणि कागदपत्रं न्यायला. जूनमध्ये दोन्हीकडची माणसं बसतील, तू परत नांदायला येणार की नाही ते तेव्हा ठरेल, असं म्हणाले. मी मान हलवली. वरच्या खोलीतली काचेची टाकी मात्र तेवढी राहू द्या, या उन्हात हलवली तर जीव जातील, हा तुझा निरोपही त्यांनी दिला. म्हणून हे पत्र. बैठक होईपर्यंत टाकीतले तुझे ते पालीसारखे पाचही न्यूट जगवायचे, एवढं काम मी अंगावर घेतलं आहे. दुसरं काही माझ्या हातात असल्याचं मला दिसत नाही.

तू या घरातल्या कुणाचाच फोन उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. सुनेशी फोनवर काय बोलावं ते मला तसंही सुचलं नसतं. आपल्या गल्लीतले तोतारामभाऊ एसटीत कंडक्टर आहेत, त्यांची सध्या धुळ्याची ड्यूटी आहे. पत्र ते आणून देतील, उत्तर असलं तर घेऊन येतील. पाकीट खिशात घालताना म्हणाले, "भाऊ, सून-सासरानं टपाल मनी गाडीमा पहिलांदाच शे."

तू दर रविवारी टाकी साफ करायचीस तेव्हा मी खालून बादल्या आणून द्यायचो आणि शेजारी स्टुलावर बसायचो. वाटायचं, सगळं आपल्या लक्षात राहिलंय. आता स्वतः हात घातल्यावर कळतं की मी त्या काळ्या पाठीच्या, कुंकवासारख्या लाल पोटाच्या जिवांकडेच बघत बसायचो. तू काय करतेस तिकडे लक्षच नव्हतं.

ऊन फार आहे. केळी पिकवायच्या चेंबरमधला जुना थर्मामीटर मालकांना विचारून आणला आणि टाकीत सोडला. दुपारी एकोणतीस दाखवतो. चेंबरात मी दिवसभर केळ्यांसाठी सोळा-सतरा सांभाळतो आणि घरी येऊन हे बघतो. पाण्याच्या बाटल्या बर्फ करून टाकीत सोडतो, भोवती ओलं गोणपाट लावलं आहे, वर लहान पंखा चालू ठेवला आहे. जाळीचं झाकण नीट बसवतो, कारण तूच सांगितलं होतंस की हे काचेवरून चढून बाहेर पडतात. तुझ्या सासूबाई एकदा वर येऊन बघून गेल्या. लग्न होऊन तू आलीस त्या दिवशी जे विचारलं होतं तेच परत विचारलं, "हाई काय शे, पाल शे का मासा शे?"

पाणी किती दिवसांनी बदलायचं, आणि किती, तेवढं लिही.

ईश्वर आबा

—

१८ मे

चि. सौ. वृषाली हिस, आशीर्वाद.

उत्तर मिळालं. तोतारामभाऊंनी जेवणाचा डबा द्यावा तसं दोन्ही हातांनी दिलं. तू वहीच्या पानावर मुद्दे घालून लिहिलं आहेस आणि शेवटी फक्त नाव. ठीक आहे. कामाचं तेवढं समजलं.

आठवड्याला पाव टाकी पाणी काढायचं. नळाचं पाणी बादलीत उघडं ठेवून शिळं होऊ द्यायचं, मगच भरायचं. नळ दोन दिवसांआड येतो, त्यामुळे जिन्यात बादल्यांची रांग लागली आहे. आमचा पोरगा, पिंटू, त्यातली एक लाथेनं बाजूला सारून कामावर गेला. मुद्दाम नसेल. दालमिलमध्ये सध्या त्याच्या डोक्याला फार ताण आहे.

नळीनं तळाची घाण ओढायची म्हणून लिहिलंस. शेतात डिझेल काढायचो तशी मी नळी तोंडात धरून ओढली आणि घोटभर पाणी पोटात गेलं. मग तीनदा चुळा भरल्या, आंघोळ केली आणि नामस्मरणाला बसलो, पण चव काही जाईना. आता तुझ्या पत्राप्रमाणे नळी आधी पाण्यानं भरून अंगठ्यानं दाबून धरतो. फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुवायचा नाही, काढलेल्या पाण्यातच पिळायचा, हे बरं झालं लिहिलंस. मी तो भांड्याच्या साबणानं लख्ख करणार होतो. पिवळी पडलेली पानं बुडाशी कापून काढली. काचेवरचं शेवाळ जुन्या एटीएम कार्डानं खरवडलं. मॉसची हिरवी झुपकी वाढली आहेत. ते सगळं करून खाली उतरलो तेव्हा गुडघ्यांनी नको म्हटलं.

एकाच्या पुढच्या उजव्या पायाला पंजा नाही. मार्चमध्ये टाकीला तडा गेला आणि तू कडेला पांढरी गोंदपट्टी लावलीस, तेव्हाचंच हे असावं. स्टूल घसरून टाकीवर आदळलं असं पिंटू म्हणाला होता. जखम भरलेली दिसते.

खाण्याचं म्हणशील तर तू फ्रिजरात ठेवलेल्या अळ्यांच्या वड्या वीज गेली त्या दिवशी वितळून वास मारू लागल्या. टाकून द्याव्या लागल्या. इथल्या मासेवाल्या दुकानात उन्हाळाभर माल येणार नाही म्हणतात. पण काळजी करू नको, मी त्यांच्या खाण्याची सोय केली आहे.

ईश्वर आबा

—

२३ मे

चि. सौ. वृषाली हिस, आशीर्वाद.

सगळ्यात लहान होती ती काल गेली.

तू विचारशील म्हणून सरळ लिहितो. सोय केली म्हणालो ती अशी. हरभऱ्याची डाळ भिजवून वाटली, त्याच्या बारीक गोळ्या केल्या. पनीरचे कण टाकले. पंथाचा उपदेश घेतल्यापासून मी हातानं मुंगी मारलेली नाही, हे तुला माहीत आहे. तू फ्रिजर उघडायचीस तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर जायचो, तेही तू बघितलं आहेस. मला वाटलं, आपल्या घरात राहतात तर आपलं खातील. कोणाचा जीव न घेता यांचा जीव राखता आला तर किती चांगलं, असंही वाटलं. एकानं पनीरचा कण तोंडात घेतला आणि थुंकला. बाकीच्यांनी नुसता वास घेतला. मी म्हटलं, भूक लागली की खातील.

डाळ खडीत गेली. तिसऱ्या दिवशी पाणी पेजेसारखं झालं आणि वास सुटला. सगळे काचेवर चढून झाकणाला चिकटून बसले होते. मी ते शुभ लक्षण समजलो, हिंडू-फिरू लागले म्हणून. लहानी पाण्यातच राहिली होती. तिला परसात तुळशीच्या बाजूला पुरली. पाणी पुन्हा पुन्हा बदललं, सगळं एकदम बदलू नये हे माहीत असूनही.

काल दुपारी आश्रमात गेलो. एरंडोल रोडवरचा आपला आश्रम, तू एकदा आली होतीस. तिथल्या वृद्ध तपस्विनी, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, ओट्यावर गहू निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, जीव खाऊ घालू नका म्हणतील, आणि मग मी ते जीव कुणाला तरी देऊन मोकळा होईन.

त्यांनी विचारलं, "यांना कोंडलं कुणी?"

मी म्हटलं, "सुनेनं आणले होते. आता माझ्याकडे आहेत."

"मग त्यांचं पोट तुमच्याकडे आलं. नाही भरायचं तर दार उघडा. दोन्ही करायचं नाही आणि म्हणायचं आम्ही नेम पाळतो, असं नसतं, दादा."

दार उघडता येत नाही. परदेशी जीव, या उन्हात तासभर टिकणार नाहीत, हे तूच सांगितलेलं. म्हणजे एकच उरतं. सावद्याहून चेंबरला केळी घेऊन ट्रक येतो, त्याच्या ड्रायव्हरला सांगितलं आहे. केळीच्या बागेत ओल असते, तिथली गांडुळं मातीसकट डब्यात आणून देईल.

तू चिडली असशील. चिडणं बरोबर आहे.

ईश्वर आबा

—

३० मे

चि. सौ. वृषाली हिस, आशीर्वाद.

तू चिडून लिहिशील असं वाटलं होतं. तू लिहिलंस, "आबा, माझ्याकडूनही पहिल्या वर्षी दोन गेले होते. पाणी सावकाश बदला." एवढ्या ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या.

गांडुळं आली. तू सांगितल्याप्रमाणे धुऊन, कात्रीनं तुकडे करून, चिमट्यानं पुढे धरतो. ते मान तिरकी करतात, बराच वेळ बघत राहतात आणि मग एकदम ओढून घेतात. उरलेलं लगेच बाहेर काढतो. कात्री चालवताना माझा हात अजून थांबतो. ज्या दिवशी त्यांना घालतो त्या दिवशी संध्याकाळी मी जेवत नाही. सासूबाई म्हणतात, आता पालींचा उपास पण सुरू झाला. बोलू दे.

पाणी आता दुपारी सव्वीसवर आलं आहे आणि चौघेही तळाशी असतात. एकानं परवा कात टाकली आणि स्वतःच खाल्ली. ते बघत बसलो आणि कामावर उशीर झाला.

डाळीचा गाळ पुरता निघावा म्हणून मागच्या बाजूची खडी ढवळली. तू तिकडे कधी हात घालत नसायचीस, मुळं दुखावतात म्हणायचीस. गोंदपट्टी लावलेल्या कोपऱ्यात नळीतून काहीतरी खडखडत वर आलं. बघितलं तर बांगडीचा तुकडा. हिरवा, सोनेरी ठिपक्यांचा. मग हातानं चाळलं. बरेच निघाले.

संक्रांतीला सासूबाईंनी तुला भरल्या होत्या त्याच या बांगड्या. बाजारात तू त्याच हव्यात म्हणून बसली होतीस, म्हणून मला ओळखू आल्या. आधी वाटलं, शोभेला टाकल्या असतील, लोक टाकतात रंगीत काच. पण तू टाकणार नाहीस. टाकीत धारदार काही नको म्हणून तू शिंपलासुद्धा काढून टाकला होतास.

तुकडे धुतले आणि आगपेटीत ठेवले. त्या कोपऱ्यात तो बिनपंजाचा न्यूट असतो. स्टूल घसरलं तर बांगड्या टाकीच्या आत कशा गेल्या, एवढंच मी विचार करतो आहे. तुला विचारत नाही. लिहावंसं वाटलं तर लिही, नाही तर पाण्याचंच लिही.

ईश्वर आबा

—

६ जून

चि. वृषाली हिस, आशीर्वाद.

तू पाण्याचंच लिहिलंस. एकोणतीसचं सव्वीस झालं हे चांगलं, अजून खाली आणा. पंजा हळूहळू परत फुटेल, या जिवांना फुटतो, असंही लिहिलंस. बांगड्यांबद्दल एक अक्षर नाही. मला उत्तर मिळालं.

परवा जेवणं झाल्यावर मी आगपेटी पिंटूच्या पुढे उघडून ठेवली. तो मोबाइलमध्येच बघत होता. मग म्हणाला, "हात धरला होता फक्त. काचेच्या बांगड्या होत्या, फुटणारच."

मी विचारलं, "आणि टाकीला तडा?"

"ती पण काचच आहे ना."

सासूबाई ताटं उचलत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, त्यावरून कळलं की त्यांना आधीपासून माहीत होतं. मी दिवसभर चेंबरात असतो. कोणतं केळं कोणत्या दिवशी पिवळं होईल हे मी दारातून सांगतो, आणि वरच्या खोलीत काय चाललं होतं हे मला खडी चाळून कळावं.

मी पिंटूला ओरडलो नाही. ओरडण्याचं बळ राहिलं नाही, आणि ओरडून तो ऐकेल असं वयही त्याचं नाही. एवढंच म्हटलं की बैठकीच्या आधी धुळ्याला जा आणि काय केलं ते तुझ्या तोंडानं तिच्या आईबापाला सांग. तो म्हणाला, "मी कशाला जाऊ? ती येईल. पाली सोडून ती राहायची नाही." सासूबाई आतून म्हणाल्या, "त्या पाली आठे शेतस ना, मंग ती येईच. ऱ्हाऊ द्या त्यासले तठेच."

मी वर जाऊन स्टुलावर बसलो. ऐक, मलाही तेच वाटत होतं. बारा मेला पहिलं पत्र लिहिलं तेव्हापासून. टाकी हिरवीगार राहिली, पाणी स्वच्छ राहिलं तर तू बैठकीत नाही म्हणणार नाहीस, असं मी बादली उचलताना दर वेळी मनात धरत होतो. तू घरात असावीस असं मला वाटायचं, त्यात काही वाईट नव्हतं. पण ते दोघं जे उघड बोलले त्यासाठीच मी रोज बर्फ चढवत होतो. अक्कांनी विचारलं होतं, कोंडलं कुणी. तेव्हा मी तुझं नाव सांगितलं होतं.

तुमच्या न्हाणीघराशी पूर्वी मोठा रांजण होता. तो धड आहे का? असला तर सावलीत अर्धा वाळूत पुरायला नानांना सांग, आणि वाळू ओली ठेवा. पाणी आजच भरून ठेव, शिळं होऊ दे. तोंडाला बसेल अशी जाळी बघ. मी रांजणात थर्मामीटर टाकून बघितला आहे, आपल्या गल्लीतल्या भुरीबाईंच्या. दुपारीसुद्धा टाकीपेक्षा गार असतं.

नानांशिवाय कुणाला बोलू नको.

ईश्वर आबा

—

धुळे बसस्थानक
१० जून, सकाळ

चि. वृषाली,

हे पत्र मडक्याबरोबर तुझ्या हातात येईल. तोतारामभाऊ रिक्षानं घरापर्यंत आणून देतील, गाडी परत सुटायला त्यांना वेळ आहे. मी तुमच्या दारापर्यंत येत नाही. आलो तर नाना बसा म्हणतील, तुझी आई चहा ठेवेल आणि मी पाहुण्यासारखा बसेन. तसा बसायचा मला आज हक्क नाही.

पहिल्या गाडीनं निघालो. नवं मडकं घेतलं, टाकीतलंच पाणी अर्ध्यापर्यंत, त्यात मॉसचा मोठा गोळा, धरून बसायला. तोंडाला ओलं मलमल दुहेरी बांधलं आहे. लांब पानांची झाडं वेगळी, ओल्या वर्तमानपत्रात. फिल्टरचा स्पंज पिशवीत आहे, तो वाळू देऊ नको. मडकं मांडीवर धरून बसलो होतो. एरंडोलला एकदा आणि पारोळ्याला एकदा कापड वर करून बघितलं, चौघेही मॉसला धरून होते.

तोतारामभाऊ तिकिटं फाडत माझ्याजवळ आले आणि मडक्याला कान लावून म्हणाले, "भाऊ, मानूस शे का सामान शे?"

मी म्हटलं, "पोरनं सामान शे."

"मंग जाऊ द्या. पोरना सामानले तिकीट लागत नही." माझं मात्र फाडलं.

मडक्यातून एकदम रांजणात सोडू नको. आधी रांजणातलं वाटीभर पाणी मडक्यात घाल, थांब, परत घाल. हे तुला सांगायची गरज नाही, पण आता सवय झाली. गांडुळांचा डबा पिशवीत आहे. तुझ्याकडे वड्या मिळाल्या तर डब्यातली माती गांडुळांसकट कुठंतरी ओलीत मोकळी कर. तेवढं माझ्यासाठी.

पिंटू हल्ली खालीच निजतो, आता उठून वर गेला असेल आणि टाकी बघितली असेल. परत गेल्यावर त्याच्याशी बोलावं लागेल, त्याच्या आईशीही. काय म्हणतील ते माहीत आहे. सूनच गेली, वर पालीही देऊन आला. म्हणू दे.

रविवारी बैठक आहे. मी पिंटूच्या बाजूला बसणार आहे. बाप आहे, दुसरीकडे बसता येत नाही. आगपेटी माझ्या सदऱ्याच्या खिशात असेल. तुझी माणसं विचारतील की नाही मला ठाऊक नाही. आपल्याकडे अशा बैठकीत मुलीच्या वागण्याची चौकशी होते, मुलाच्या हाताची होत नाही. कुणी विचारलं नाही तरी मी ती सतरंजीवर ठेवणार आहे, आणि तिच्यातले तुकडे कुठं सापडले ते सांगणार आहे. त्यानंतर नांदायचं की नाही, हे तू सांग. तुझ्या मनात जे असेल ते. माझ्याकडे बघून काही ठरवू नको. मी तुला ये म्हणणार नाही आणि येऊ नको असंही म्हणणार नाही. तेवढा अधिकार मला या वर्षानं ठेवलेला नाही.

बिनपंजाचा आहे ना, त्याला कोंब आला आहे, तांदळाच्या कणीएवढा. बोटं अजून नाहीत. नीट बघितलंस तर दिसेल.

वरची टाकी रिकामी करून पुसून पालथी घातली आहे. खडी धुऊन वाळत टाकली. खोलीत एकदा सगळीकडे फिरून बघितलं, पलंगाखाली, फडताळात. केसांची एक पिन सापडली, ती पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. आता आमच्या घरात तुझं काहीही अडकलेलं नाही.

दंडवत प्रणाम.

ईश्वर